उच्च शिक्षणातील तंत्रज्ञान : प्रक्षेपणाकडून प्रतिसादाकडे

उच्च शिक्षणात तंत्रज्ञान तीन वेगवेगळी कामे करते. पहिले काम मजकूर पोहोचवण्याचे. दूरचित्रवाणीवरचे व्याख्यान, व्हिडिओ, ई-पुस्तक, पीपीटी ही त्याची साधने. दुसरे काम सराव आणि प्रतिसादाचे. विद्यार्थ्याने गणित सोडवले, परिच्छेद लिहिला किंवा प्रोग्रॅम चालवून पाहिला, की तो कुठे आणि का चुकला हे त्याला वेळेवर सांगणे, असे हे काम आहे. तिसरे काम नोंदीचे आणि मूल्यमापनाचे. प्रवेश, हजेरी, परीक्षा, उत्तरपत्रिकांची तपासणी आणि श्रेयांकांचा हिशेब त्यात येतो. ही तिन्ही कामे आता एकाच पडद्यावर होतात, त्यामुळे एक झाले की बाकीची आपोआप होतील असा समज सहज होतो. भारतातील अनुभव त्याला दुजोरा देत नाही. गेल्या पन्नास वर्षांत इथे सर्वाधिक पैसा आणि कल्पकता पहिल्या कामावर खर्च झाली, अलीकडे तिसऱ्यावर होऊ लागली, आणि दुसरे काम बहुतेक काळ मागेच राहिले.

प्रक्षेपणाचा काळ

भारतात शिक्षणासाठी उपग्रहाचा पहिला मोठा वापर ‘साइट’ या प्रयोगात झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचवले गेले. ते शेती, आरोग्य आणि प्राथमिक शिक्षणाविषयीचे होते. उच्च शिक्षणाशी त्यांचा थेट संबंध नव्हता, पण एका ठिकाणी तयार केलेला पाठ देशभर नेता येतो हा विश्वास त्यातून रुजला. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर पदवी विद्यार्थ्यांसाठी ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी निवडक विद्यापीठांत दृक्‌श्राव्य निर्मिती केंद्रे उभी राहिली. सुरुवातीच्या केंद्रांमध्ये पुणे विद्यापीठाचे केंद्र होते. लहान गावांतील महाविद्यालयांत जे शिक्षक आणि ग्रंथालये नव्हती, त्यांची काही उणीव भरून काढण्याचा हेतू त्यामागे होता. कार्यक्रम अभ्यासक्रमाला बांधलेले नव्हते आणि सुरुवातीला प्रामुख्याने इंग्रजीत होते. ज्या विद्यार्थ्यांसाठी ते आखले गेले, त्यांच्यापैकी अनेकांना तीच भाषा अडचणीची होती.

याच दशकात मुक्त विद्यापीठांची उभारणी झाली. हैदराबादचे मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. या सर्वांपुढे ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा नमुना होता. तिची स्थापना १९६९ ची, आणि पहिले विद्यार्थी १९७१ मध्ये शिकू लागले. ती गाजली बीबीसीवरील रात्री-पहाटेच्या कार्यक्रमांमुळे, पण तिचा खरा आधार वेगळाच होता. विद्यार्थी ठरावीक काळाने गृहपाठ पाठवत, नेमलेले मार्गदर्शक ते तपासून सविस्तर शेरे लिहून परत करत, आणि याच व्यवहारावर अभ्यासाची सगळी घडी बसलेली होती.

नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळात मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तके, गावोगावच्या महाविद्यालयांत चालणारी अभ्यासकेंद्रे आणि औपचारिक शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम अशी रचना आकाराला आली. नोकरदार, गृहिणी, शेतकरी अशा अनेकांना पदवीची वाट त्यामुळे खुली झाली. या रचनेत छापील पुस्तक हेच मुख्य तंत्रज्ञान होते. अभ्यासकेंद्रावरील समंत्रक किती वेळ देतो आणि गृहपाठ किती बारकाईने तपासला जातो, यावर एका केंद्राचा आणि दुसऱ्या केंद्राचा दर्जा वेगळा ठरत असे.

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट हा केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह सोडण्यात आला. प्रायोगिक टप्प्यात कर्नाटक आणि मध्य प्रदेशातील तंत्रविद्यापीठांबरोबर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचाही समावेश होता. एज्युसॅटवर दुहेरी संवादाची सोय होती, म्हणजे दूरच्या केंद्रातला विद्यार्थी प्रश्न विचारू शकत होता. पण एका तासाला डझनावारी केंद्रे जोडली, तर प्रश्न विचारण्याची पाळी फार थोड्यांची येते. दुहेरी वाहिनी उपलब्ध असूनही व्यवहार बहुतांशी एकेरी राहण्यामागे हे साधे गणित होते.

इंटरनेटवरचे वर्ग

अमेरिकेतील एमआयटीने २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य विनामूल्य खुले करण्याची घोषणा केली. भारतात त्याच सुमारास सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा प्रकल्प हाती घेतला आणि २००३ पासून अभियांत्रिकी व विज्ञानाची व्याख्याने चित्रित होऊ लागली. ती मूळ वर्गातल्या तासासारखीच, साधारण तासाभराची असत. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्यांचा भरपूर उपयोग केला, आणि तिथल्या अनेक शिक्षकांनीही स्वतःच्या तयारीसाठी केला. हा दुसरा उपयोग फारसा मोजला जात नाही, पण कमी महत्त्वाचा नाही.

३ फेब्रुवारी २००९ रोजी केंद्र सरकारने माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय मिशन सुरू केले. महाविद्यालयांना जोडण्या देणे आणि मजकूर तयार करणे अशा दोन शाखांत ते विभागलेले होते. मुंबईच्या आयआयटीत या मिशनखाली काही वेगळे प्रयोग झाले. ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ तयार केले गेले. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडायचे आणि ऐकता ऐकता प्रत्येक पायरी स्वतः करून पाहायची, अशी त्याची पद्धत. ध्वनी वेगळा असल्याने मराठीसह अनेक भारतीय भाषांत तो बदलता येतो. याच मिशनखालच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ या अनेक संस्थांच्या संयुक्त प्रकल्पात प्रयोगांच्या संगणकीय प्रतिकृती तयार झाल्या. याच काळात ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट मोठ्या गाजावाजात आला. त्याची सरकारी खरेदी किंमत २,२७६ रुपये होती. मंद प्रोसेसर, दाबून चालवावा लागणारा पडदा आणि पुरवठ्यातील विलंब यांमुळे तो टिकला नाही. पुढे स्वस्त स्मार्टफोन बाजारातूनच विद्यार्थ्यांच्या हाती आले आणि सरकारी यंत्राची गरज उरली नाही.

जगभरात मोठ्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची, म्हणजे मूकची लाट २०११ च्या शरदात उठली. स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासक्रमाला सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवले. पुढच्या वर्षी उडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स उभ्या राहिल्या आणि विद्यापीठांचा काळ संपत आल्याची भाषा सुरू झाली. तिला पहिला तडा २०१३ मध्येच गेला. कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठाने उडॅसिटीबरोबर प्राथमिक गणिताचे ऑनलाइन अभ्यासक्रम घेतले, उत्तीर्णांचे प्रमाण फार खाली आले आणि काही महिन्यांतच ते थांबवावे लागले. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांचे सहा वर्षांचे आकडे २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण अभ्यासक्रमात एकदाही शिरले नव्हते आणि २०१७-१८ मध्ये पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ३.१३ टक्के होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांमध्ये मात्र ते ४६ टक्के होते. ज्याचे काही पणाला लागलेले असते तो टिकतो, एवढा निष्कर्ष त्यातून निघतो.

याच क्षेत्रातले वेगळे उदाहरण जॉर्जिया टेकचे आहे. संगणकशास्त्राची पूर्ण पदव्युत्तर पदवी या विद्यापीठाने २०१४ पासून सुमारे सात हजार डॉलरमध्ये ऑनलाइन दिली आणि ती वाढत गेली. व्हिडिओ तिथेही आहेत. त्यांच्यामागे गृहपाठ तपासणाऱ्या आणि शंका सोडवणाऱ्या पगारी सहायकांची मोठी फळी आहे. पदवीही कॅम्पसवर मिळते तीच आहे.

भारताचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्याच दिवशी ३२ डीटीएच वाहिन्यांचा ‘स्वयम् प्रभा’ हा संचही सुरू झाला. नवे व्यासपीठ आणि जुने प्रक्षेपण एकाच दिवशी सुरू होणे हे देशातल्या जोडणीच्या वास्तवाला धरून होते. ‘स्वयम्’वरील प्रत्येक अभ्यासक्रम व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वमूल्यमापन अशा चार भागांत बांधलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील २० टक्के अभ्यासक्रम इथून घेता येत. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेण्यात आली. त्याच वर्षी श्रेयांक साठवून एका संस्थेतून दुसरीकडे नेण्याची ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ही व्यवस्था आली.

या चौकटीत तुलनेने घट्ट बसले ते एनपीटीईएलचे २०१४ पासूनचे प्रमाणपत्र-अभ्यासक्रम. त्यांत नोंदणी विनामूल्य असते, दर आठवड्याला गृहपाठ द्यावा लागतो आणि अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यावी लागते. सहभागी महाविद्यालयांत ‘लोकल चॅप्टर’ असतात आणि तिथला एखादा शिक्षक विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभा असतो. व्याख्यान दूरचे आणि पाठपुरावा जवळचा, ही जोडणी त्यात साधली आहे. तरी गृहपाठ बहुतेक बहुपर्यायी असतात. उत्तर चुकले हे यंत्र सांगते, विचार कुठे चुकला हे विद्यार्थ्याला स्वतःच शोधावे लागते.

संशोधनाचा कौल

माध्यमामुळे शिकणे सुधारते का, या प्रश्नावर जुना वाद आहे. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये मांडले की माध्यम हे केवळ वाहन आहे. किराणा कोणत्या ट्रकमधून आला यावर जसे पोषण ठरत नाही, तसेच पाठ कोणत्या माध्यमातून आला यावर शिकणे ठरत नाही. ते शिकवण्याच्या पद्धतीवर ठरते. रॉबर्ट कोझमा यांनी त्याला उत्तर दिले की काही माध्यमे काही पद्धती शक्य करतात, म्हणून दोन्ही पूर्ण वेगळे करता येत नाहीत. वर्गातले आणि दूरचे शिक्षण यांत लक्षणीय फरक न आढळलेले ३५५ अभ्यास थॉमस रसेल यांनी १९९९ मध्ये संकलित केले. २०१० मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याच्या एका मोठ्या पाहणीत ऑनलाइन आणि प्रत्यक्ष यांच्या मिश्रणाला थोडी सरशी मिळाली. मात्र अशा वर्गांत विद्यार्थ्यांना जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळाले होते, म्हणून श्रेय माध्यमाला देता येत नाही, हेही त्याच अहवालात नमूद होते.

पद्धतीमुळे पडणारा फरक मात्र ठळक आहे. विज्ञान आणि अभियांत्रिकीतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त व्याख्यान असलेल्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते. विद्यार्थ्यांना तासात काही करायला लावणाऱ्या वर्गांत हेच प्रमाण २१.८ टक्के होते. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकारंभी सुरू केलेली पद्धत अशीच आहे. शिक्षक एक वैचारिक प्रश्न टाकतो, प्रत्येक जण आपले उत्तर नोंदवतो, मग शेजाऱ्याला ते पटवून देतो आणि पुन्हा उत्तर देतो. उत्तर नोंदवण्यासाठी बटणांचे यंत्र वापरा, मोबाइल वापरा किंवा कागदाची रंगीत कार्डे, परिणाम पद्धतीचा होतो.

आणखी दोन निष्कर्ष रोजच्या कामाचे आहेत. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची चाचणी घेतल्याने ते जास्त काळ लक्षात राहते, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले. एडएक्सवरील ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ मधील विश्लेषणात असे दिसले की सहा मिनिटांहून लांब व्हिडिओंवर प्रेक्षक टिकत नाहीत. छोटा पाठ आणि लगेच छोटी चाचणी ही रचना त्यामुळे तासाभराच्या चित्रित व्याख्यानापेक्षा उजवी ठरते. तिला भांडवलापेक्षा आखणीची गरज जास्त असते.

महाविद्यालयातील वापर

अभ्यासक्रम-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअर व्यावसायिक रूपात १९९० च्या दशकाअखेरीस आली. मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात तयार केलेले मूडल २००२ मध्ये खुले झाले आणि ते विनामूल्य असल्याने भारतातही पसरले. गृहपाठ, चर्चा, प्रश्नपेढी, सहाध्यायींकडून तपासणी असे बरेच काही त्यात आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याचा किंवा गुगल क्लासरूमचा उपयोग नोट्स आणि पीपीटी चढवून ठेवण्यासाठी होतो. सूचना, वेळापत्रक, शंका आणि शेवटच्या क्षणी लागणारे प्रश्नसंच यांची देवाणघेवाण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर होते. विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही तिथे आधीपासून असतात, वेगळे लॉगिन लागत नाही आणि डेटा कमी जातो. तोट्याची बाजू अशी की गटात टाकलेले चार दिवसांत सापडेनासे होते, लाजरे विद्यार्थी बोलत नाहीत आणि शिक्षकाच्या कामाची वेळ संपत नाही.

उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माहिती-तंत्रज्ञानाच्या वापराला गुण असतात. त्यामुळे स्मार्ट बोर्ड, स्टुडिओ आणि ई-कंटेंटची संख्या दाखवण्याकडे संस्थांचा कल असतो. साधनांची मोजदाद सोपी असते. विद्यार्थ्यांच्या किती कामांवर किती दिवसांत अभिप्राय दिला गेला, हे मोजण्याचा रकाना नसतो, आणि ज्याला रकाना नाही ते काम मागे पडते.

टाळेबंदीनंतर

२५ मार्च २०२० च्या टाळेबंदीने ही सगळी व्यवस्था एका आठवड्यात पणाला लावली. झूम, मीट आणि टीम्सवर तास सुरू झाले. शिक्षणतंत्रज्ञानाच्या काही अभ्यासकांनी त्याच महिन्यात बजावले की हे ‘आणीबाणीतले दूरशिक्षण’ आहे आणि नीट आखलेल्या ऑनलाइन शिक्षणाशी त्याची तुलना करू नये. भारतात त्याआधीचा प्रश्न जोडणीचा होता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीनुसार देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, शहरांत ४२ टक्के होते. संगणक ग्रामीण भागातील चार-साडेचार टक्के घरांत होता. घरात एकच फोन असेल तर तो आधी कोणाला मिळणार, हा प्रश्न मुलींच्या बाबतीत अधिक बोचरा होता.

गोव्याने या काळात ‘दिष्टावो’ हा उपक्रम हाती घेतला. राज्यातील महाविद्यालयीन शिक्षकांनीच गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानुसार पाठ चित्रित केले. विद्यापीठ एकच आणि महाविद्यालये मोजकी असल्याने हे काम लवकर उभे राहू शकले. महाराष्ट्रात डझनाहून अधिक सार्वजनिक विद्यापीठे आणि तितकेच वेगळे अभ्यासक्रम असल्याने असे एकत्रित काम अवघड गेले. एकाच विषयावर शेकडो शिक्षकांनी स्वतंत्र चित्रफिती केल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा यूट्यूबवर विखुरल्या.

परीक्षांचा पेच त्याहून मोठा होता. अंतिम वर्षाच्या परीक्षा रद्द करण्याचा महाराष्ट्र सरकारचा निर्णय टिकला नाही. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही असा निकाल दिला आणि विद्यापीठांना काही आठवड्यांत यंत्रणा उभारावी लागली. बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा हा त्यातून निघालेला मार्ग होता. निकाल फुगले. प्रत्यक्ष परीक्षा परतल्या तेव्हा ऑनलाइन परीक्षेचीच मागणी करत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. कॅमेऱ्याद्वारे नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा वापर वाढला तसे खासगीपणाचे प्रश्नही उभे राहिले. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने विद्यार्थ्यांच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थांवरही टाकली आहे.

उत्तरपत्रिका आणि पडदा

मूल्यमापनातील तंत्रज्ञानाचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक धडा २०१७ चा आहे. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याचा निर्णय ऐन परीक्षेच्या तोंडावर घेतला. कल्पना वाईट नव्हती. गुणांची बेरीज आपोआप होते, तपासायचे राहून गेलेले पान लक्षात येते, गठ्ठ्यांची वाहतूक वाचते. पण लहान प्रमाणावर आधी चाचणी झाली नाही, शिक्षकांचे प्रशिक्षण अपुरे राहिले, स्कॅनिंगमध्ये पाने आणि गठ्ठे चुकले. निकाल कित्येक महिने लांबले, अनेकांचे परदेशातले आणि पुढील शिक्षणाचे प्रवेश अडचणीत आले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. पुढे पडद्यावरची तपासणी तिथे आणि इतरत्र रुळली. तंत्र तेच होते, यश-अपयश ठरले ते सुरुवातीच्या तयारीने.

याहून मूलभूत मुद्दा असा की संलग्न महाविद्यालयांच्या रचनेत शिकवतो एक आणि तपासतो दुसरा. सत्राच्या शेवटी लिहिलेले उत्तर विद्यार्थ्याला पुन्हा दिसते ते शुल्क भरून फोटोकॉपी मागवली तरच. तिथेही गुण दिसतात, शेरे क्वचित. पडद्यावरच्या तपासणीत शेरा टंकून विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. तसे करण्याची प्रथा नाही, कारण ही यंत्रणा निकालाच्या वेगासाठी उभारलेली आहे.

भाषेचा प्रश्न

महाराष्ट्रातील कला आणि वाणिज्य शाखांचे असंख्य विद्यार्थी मराठीतून शिकतात आणि परीक्षा देतात. त्यांच्यासाठी डिजिटल साहित्याचा साठा इंग्रजीच्या तुलनेत तुटपुंजा आहे. त्यामागे एक जुने तांत्रिक कारणही आहे. अनेक वर्षे मराठी पुस्तके आणि नोट्स युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकल्या गेल्या. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हे दिसतात, शोध घेता येत नाही आणि अंध विद्यार्थ्यांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९८० च्या दशकापासून भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले, तरी प्रकाशन-व्यवहार युनिकोडकडे सावकाश सरकला.

२०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भाषांत अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये मराठीतून तशी तुकडी सुरू झाली. मुंबईच्या आयआयटीचा ‘उडान’ हा प्रकल्प, परिषदेचे ‘अनुवादिनी’ आणि केंद्राचे ‘भाषिणी’ यांनी यांत्रिक अनुवादाचा वेग वाढवला. यंत्राने केलेला मसुदा विषयतज्ज्ञाने तपासून घेतला तर काम झपाट्याने होते. न तपासता छापला तर एकाच संकल्पनेला तीन प्रकरणांत तीन प्रतिशब्द येतात आणि विद्यार्थी मूळ इंग्रजी पुस्तकाकडे वळतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आता संकेतस्थळावर शोधता येतात. अनुवादाची यंत्रे त्यांना जोडणे हे त्यामानाने लहान पण फलदायी काम आहे.

शिक्षकाचा वेळ

साधन कोणतेही असो, ते चालते शिक्षकाच्या वेळेवर. एका छोट्या चांगल्या पाठामागे संहिता, आकृत्या, चित्रण आणि प्रश्न यांची बरीच तासांची मेहनत असते. कार्यभाराच्या हिशेबात हे तास क्वचितच धरले जातात. राज्यातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भाग तासिका तत्त्वावरील प्राध्यापक सांभाळतात. त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासाचा. चर्चेला उत्तर देणे, गृहपाठ तपासणे, ऑनलाइन शंका सोडवणे यांचा मोबदला त्यात नसतो. प्रतिसादाची सर्वाधिक अपेक्षा ज्यांच्याकडून, त्यांच्याच पगारात प्रतिसाद मोजलेला नाही.

प्रशिक्षणाच्या बाबतीत मुंबई आयआयटीचा ‘दहा हजार शिक्षक’ हा उपक्रम उल्लेखनीय आहे. आधी निवडक समन्वयकांना पवईत शिकवायचे, मग देशभरातील केंद्रांवर एकाच वेळी शिक्षकांचे वर्ग दूरसंवादाने घ्यायचे आणि स्थानिक समन्वयकाने सराव करून घ्यायचा, अशी त्याची रचना होती. याच संस्थेच्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागाने ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी विद्यार्थिकेंद्री आराखडा मांडला. त्यात व्हिडिओच्या मध्ये थांबून विद्यार्थ्याला विचार करायला लावणे आणि त्याच्या अपेक्षित उत्तरावर पुढे बोलणे अभिप्रेत आहे. एरवीची बहुतेक प्रशिक्षणे आठवडाभरात सॉफ्टवेअरची बटणे शिकवून संपतात.

कृत्रिम बुद्धिमत्ता

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाल्यानंतर या क्षेत्रातला मधला, म्हणजे सराव आणि प्रतिसादाचा, रिकामा राहिलेला भाग प्रथमच बाजाराच्या नजरेत आला. यंत्र आता विद्यार्थ्याच्या उत्तराला उत्तर देऊ शकते, तेही मराठीत आणि मध्यरात्री. याची पूर्वतयारी जुनी आहे. इलिनॉय विद्यापीठातील प्लेटो ही संगणकीय अध्यापन-प्रणाली १९६० ची. जॉर्जिया टेकमधील अशोक गोयल यांनी २०१६ मध्ये वर्गातील शंकांना उत्तरे देणारी ‘जिल वॉटसन’ ही यांत्रिक सहायक वापरली होती.

पहिले परिणाम संमिश्र आहेत. तुर्कस्तानातील सुमारे एक हजार शालेय विद्यार्थ्यांवरील प्रयोगात साधा चॅटबॉट मिळालेल्यांनी सराव-गणिते ४८ टक्के अधिक चांगली सोडवली. पण तो काढून घेतल्यावर परीक्षेत ते चॅटबॉट न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडले. उत्तर न सांगता केवळ इशारे देणाऱ्या, शिक्षकांच्या सूचनांवर बेतलेल्या चॅटबॉटमध्ये हे नुकसान जवळजवळ दिसले नाही. तेच यंत्र वेगळ्या आखणीने वेगळा परिणाम देते.

लेखी गृहपाठांवर याचा आघात सरळ झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि पुढे साम्याच्या प्रमाणानुसार कारवाई आहे. ही मोजपट्टी नकलेसाठी बनवलेली आहे, नव्याने रचलेल्या यांत्रिक मजकुरात साम्य सापडतच नाही. तो ओळखण्याचा दावा करणारी साधनेही भरवशाची नाहीत. २०२३ च्या एका अभ्यासात अशा सात साधनांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे स्वतःचे निबंध सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचे ठरवले. चॅटजीपीटीच्या निर्मात्यांनी स्वतःचे ओळखयंत्र अचूकतेअभावी त्याच वर्षी मागे घेतले. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे. केवळ अशा साधनाच्या आकड्यावर कोणावर ठपका ठेवणे अन्यायाचे ठरेल. तोंडी परीक्षा, वर्गात लिहिलेले टप्पे, मसुद्यांची नोंद आणि स्थानिक सामग्रीवरचे प्रकल्प हे जुनेच उपाय इथे उपयोगी पडतात. त्या सर्वांना शिक्षकाचा वेळ लागतो.

आढाव्याचा निष्कर्ष

पन्नास वर्षांच्या प्रवासात उपग्रह, दूरचित्रवाणी, इंटरनेट आणि मोबाइल यांनी व्याख्यान दूरवर नेण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. देशात २०२१-२२ मध्ये ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. एवढ्यांपर्यंत मजकूर पोहोचवणे ही लहान कामगिरी नाही. परीक्षेची आणि श्रेयांकांची यंत्रणाही हळूहळू मार्गी लागत आहे. ज्या उपक्रमांचा विद्यार्थ्यांच्या शिकण्यावर टिकाऊ परिणाम झाला, त्यांत विद्यार्थ्याच्या कामाला कोणीतरी उत्तर देत होते. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातले मार्गदर्शक, जॉर्जिया टेकमधले सहायक, लोकल चॅप्टरमधला शिक्षक ही त्याची वेगवेगळी रूपे आहेत. ज्यांत असे उत्तर देणारे कोणी नव्हते, ते उपक्रम कितीही भव्य असले तरी साठा बनून राहिले.

यापुढच्या धोरणासाठी यातून तीन गोष्टी निघतात. अभिप्राय आणि गृहपाठ-तपासणीचे तास कार्यभारात आणि तासिका तत्त्वावरील मानधनात मोजले गेले पाहिजेत. एकाच विषयाचे पाठ प्रत्येक विद्यापीठाने नव्याने चित्रित करण्याऐवजी ते सामायिक करून वाचलेला पैसा मराठी साहित्याची तपासणी आणि सरावसंच यांवर लावला पाहिजे. आणि कोणतीही नवी यंत्रणा, मग ती तपासणीची असो वा कृत्रिम बुद्धिमत्तेची, एका विभागात पूर्ण सत्रभर चालवून पाहिल्याशिवाय विद्यापीठभर लागू करू नये. खरेदीच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी प्राचार्यांनी आणि विद्यापीठांनी एकच प्रश्न विचारावा : यामुळे किती विद्यार्थ्यांच्या कामाला, किती दिवसांत, कोण उत्तर देणार? त्याचे उत्तर प्रस्तावात नसेल, तर खरेदी थांबवणे हाच योग्य निर्णय होय.